दुष्काळात बालविवाह घटतात? एक पेपर गेवराईत बसून वाचताना

पेट-नेटच्या तयारीत असाल तर एकदा तरी नीट वाचावा असा एक पेपर आज घेतो. लुचिया कोर्नो, निकोल हिल्डेब्रांट आणि अलेस्सांद्रा वोएना या तिघींचा, २०२० साली 'इकॉनोमेट्रिका'त आलेला. प्रश्न साधा आहे: दुष्काळ पडला की मुलींची लग्नं लवकर होतात की लांबतात? सुमारे चार लाख बायकांची माहिती तपासून त्यांनी दाखवलं, की सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दुष्काळी वर्षात बालविवाहाची शक्यता ३ टक्क्यांनी वाढते आणि भारतात ४ टक्क्यांनी घटते. तिकडे देज, म्हणजे लग्नातला पैसा मुलीच्या घरी येतो. इकडे हुंडा, म्हणजे तिच्या घरून जातो. बापाच्या हातात पैसा नाही तर लग्न पुढच्या साली. एकच धक्का आणि दोन उलट चिन्हं, हे मला फार आवडलं.

पण हे गेवराईत कुणाला सांगून बघा. "दुष्काळ पडला की पोरी लवकर उजवतात" असंच इथे ऐकायला मिळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा २१.९. मग पेपर चुकला का?

थांबा, इथेच बरेचजण घसरतात. ४३.७ ही पातळी आहे आणि ४ टक्के हा एका वर्षातला बदल. तोही टक्केबिंदूंचा नाही. बिनलग्नाच्या मुलीचं त्या वर्षी लग्न होण्याची जी शक्यता असते, तिच्यात झालेली ती ४ टक्क्यांची घट. पातळी दुप्पट असली तरी बदलाचं चिन्ह ऋण असू शकतं. शिवाय पेपरातला 'दुष्काळ' त्या-त्या ठिकाणच्या जुन्या पावसाशी तोलून ठरवलाय, म्हणजे तिथल्या सगळ्यात कोरड्या १५ टक्क्यांत मोडणारं वर्ष. आमचा नेहमीचा तुटपुंजा पाऊस त्यात दुष्काळ म्हणून धरलाच जात नाही. तेव्हा नुसता ४३.७ दाखवून हा पेपर खोडता येणार नाही.

माझं भांडण त्याच्या मॉडेलशी आहे. दुष्काळाची झळ दोन्ही घरांना बसते. मुलाच्या बापालाही पैसा हवाच असतो, म्हणजे तो घाई करणार. मग मुलीच्या बापाची चालढकल वरचढ का ठरते? माझ्या वाचनाप्रमाणे उत्तर असं: मुलगा लग्नानंतरही घरातच राहतो, कमावतो, म्हणून मुलाकडच्यांची निकड कमी. म्हणजे मुलाची कमाई एका बाजूला आणि त्याचं लग्न दुसऱ्या बाजूला, असं इथे गृहीत आहे.

ऊसतोडीत या दोन गोष्टी सुट्या करताच येत नाहीत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचल निम्मी, आणि टोळीत घ्यायलाही खळखळ. फडात तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते, वर भाकरी, पाणी, लेकरं तिच्याकडेच. (गॅरी बेकरने १९७३ च्या विवाह-सिद्धान्तात एकाने बाजार आणि एकाने घर सांभाळण्यात संसाराचा फायदा दाखवला. इथली बाई अर्धा बाजार आणि सगळं घर सांभाळते.) गोदाकाठचा, जायकवाडीच्या पाण्यावरचा ऊस सोडला, तर कोरडवाहू भागात कापूस गेला की हाताशी उरते ती उचल. पूर्ण उचल हवी तर सून हवी. पेपरात लग्नाशी जोडलेले पैसे दोनच, देज आणि हुंडा. उचल हा तिसरा, आणि तो देणारा दोन्ही घरांच्या बाहेरचा आहे.

मुलीकडचं गणितही बदलतं. दिवाळीच्या आगेमागे आई-बाप सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात जाणार, ते पाच-सहा महिन्यांनी परतणार. तोवर वयात आलेली पोर ठेवायची कुणाकडे?

आणखी एक अडचण पावसाची. पेपरात स्थानिक पाऊस हा घरच्या उत्पन्नाचा निदर्शक आहे. टोळीची मजुरी मात्र कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यावर ठरते.

हे तपासायचं कसं? ऊसतोडीला मजूर पाठवणारे तालुके (गेवराई, शिरूर कासार, पाटोदा, धारूर, शेजारचा पाथर्डी) वेगळे काढा आणि समीकरणात 'दुष्काळ गुणिले ऊसतोड' हे पद घाला. त्याचा सहगुणक शून्याजवळ आला तर माझा आक्षेप सोडून द्या. तो धन आणि मूळ ऋण परिणाम पुसून टाकण्याइतका मोठा आला, तर धोरणाचाही प्रश्न उभा राहतो. ग्रामसेवकाने मांडव थांबवला तरी मुकादमाचा हिशेब तसाच असतो. जमलं तर लग्नाचा महिनाही पाहा, तो मुहूर्तामागे जातो की गाळप हंगामामागे.

घटस्फोटावर काम करू पाहणाऱ्यांनी हीच उचल दुसऱ्या टोकाने बघावी. बायको हंगामाच्या मध्यात माहेरी गेली तर कोयता अर्धा होतो, अंगावरची उचल मात्र पूर्ण राहते. संसार मोडण्याची ही किंमत पोटगीच्या आकड्यांत सापडायची नाही.