खेळ आणि पुरावा : माली साम्राज्याच्या अध्यापनातील काही कृतींचे परीक्षण

सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनात कृतीला मानाचे स्थान मिळाले, हे योग्यच झाले. विद्यार्थ्याने केवळ ऐकू नये, स्वतः काही करावे, या तत्त्वाला आज कोणी विरोध करील असे वाटत नाही. परंतु कृती कशाची करावयाची, आणि ती संपल्यावर विद्यार्थ्याच्या मनात नेमके काय उरते, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो एका मर्यादित क्षेत्रापुरता विचारावयाचा आहे. पश्चिम आफ्रिकेतील माली साम्राज्य हा विषय अमेरिकेतील अनेक शाळांत शिकविला जातो. कॅलिफोर्निया राज्याने १९९८ साली स्वीकारलेल्या मानकांत तो सातव्या इयत्तेला नेमला आहे. त्यासाठी शिक्षकवर्गात रूढ झालेल्या तीन कृती येथे परीक्षणास घेतल्या आहेत : मुक्या व्यापाराचा खेळ, मन्सा मूसाच्या संपत्तीचा हिशेब आणि ग्रिओचे कथाकथन.

पहिली कृती सर्वांत लोकप्रिय आहे. वर्गाचे दोन गट पाडतात. एकाकडे मीठ, दुसऱ्याकडे सोने. एक गट माल ठेवून दूर जातो, दुसरा त्याच्याशेजारी आपला मोबदला ठेवतो, आणि एक शब्दही न बोलता सौदा पुरा होतो. मुले रमतात, यात शंका नाही. तथापि या खेळाचा आधार तपासू लागताच तो डळमळतो. अशा व्यापाराची कथा इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने कार्थेजच्या व्यापाऱ्यांविषयी सांगितली आहे. म्हणजे माली साम्राज्याच्या उदयापूर्वी सुमारे सतराशे वर्षे ती प्रचारात होती. पुढे अरब ग्रंथकारांनी ती आफ्रिकेतील सोन्याच्या प्रदेशाला लावली. फारियास यांनी १९७४ साली या कथेच्या पुराव्याची कसून छाननी केली, आणि तेव्हापासून ती जशीच्या तशी खरी मानणे कठीण झाले आहे.

भाषेच्या अभ्यासकाला तर हा खेळ विशेषच खटकावा. १३५२ साली इब्न बतूता मालीस पोहोचला, तेव्हा मन्सा सुलेमान राज्य करीत होता. त्याच्या दरबारातील दूघा नावाच्या दुभाष्याचे इब्न बतूताने तपशीलवार वर्णन केले आहे. सुलतानाशी बोलू इच्छिणाऱ्याने दूघाला सांगावयाचे, दूघाने जवळ उभ्या असलेल्या माणसाला सांगावयाचे, आणि त्याने ते सुलतानाच्या कानी घालावयाचे, अशी तेथील रीत होती. ज्या राज्यात शब्दाला एवढी प्रतिष्ठा होती, त्याची ओळख मुलांना मौनाच्या खेळाने करून देणे हे विपरीत होय. आफ्रिकेतील माणसे मुकी होती, असा समज हा खेळ नकळत रुजवू शकतो.  त्याऐवजी तीन मुलांच्या मुखांतून एक निरोप जाऊ द्यावा, आणि त्यात काय बदलले ते वर्गाने टिपावे. खेळ तेवढाच रंजक होईल, आणि पुराव्याला धरूनही राहील.

याच खेळाला जोडून ‘सोन्याच्या भारोभार मीठ’ असे एक विधान पाठांतून आढळते. तेही तपासण्याजोगे आहे. इब्न बतूता सांगतो की उंटाच्या एका ओझ्याएवढ्या मिठाला वलाता येथे ८ ते १० मिस्काल, आणि माली नगरात २० ते ३०, क्वचित ४० मिस्काल सोने मिळे. मिस्काल म्हणजे सुमारे सव्वाचार ग्रॅम. अर्थात चढ्यात चढ्या भावानेही १७० ग्रॅम सोने. आणि उंट तर शंभर किलोहून अधिक ओझे वाहतो. एवढे गणित सातवीचा विद्यार्थी सहज करील, आणि वाहतुकीने किंमत तिप्पट-चौपट का होते, हा खरा आर्थिक प्रश्न त्याच्यापुढे आपोआप उभा राहील. शिवाय तगाझा येथे मिठाच्या ठोकळ्यांच्या भिंती आणि उंटांच्या कातड्यांची छपरे असलेल्या घरांत राहून ते मीठ खणणारे गुलाम होते, हेही तोच प्रवासी नोंदवितो. खेळात सारेच व्यापारी असतात. खणणारा कोणीच नसतो.

दुसरी कृती मन्सा मूसाच्या संपत्तीची. आजच्या चलनात तिचा आकडा काढून त्याला ‘इतिहासातील सर्वांत धनाढ्य पुरुष’ ठरविले जाते. अशा आकड्याला कोणताही आधार नाही. आधार आहे तो अल्-उमरीच्या नोंदीला : १३२४ साली मूसा हजच्या वाटेवर कैरोस आला, त्यापूर्वी तेथे सोन्याचा मिस्काल २५ दिरहमांखाली जात नसे, त्यानंतर तो २२ किंवा त्याहून कमी झाला, आणि ही स्थिती सुमारे बारा वर्षे टिकली. ही घट निदान शेकडा १२ भरते. भपकेदार आकड्यापेक्षा हा लहान आकडा विद्यार्थ्याला अधिक शिकवील. कारण पुरवठा वाढल्याने भाव का उतरतो, हे त्यातून उलगडते.

तिसरी कृती मला तिन्हींत उत्तम वाटते, परंतु तीही अर्धवट राहते. संस्थापक सुंद्याताची कथा मुलांनी ढोलाच्या साथीने सांगावी, अशी तिची योजना असते. ‘ग्रिओ’ हा शब्द फ्रेंच वळणाचा. मांदिंग भाषांतील शब्द ‘जेली’. इब्न बतूताने त्याचेच एक रूप अरबी लिपीत नोंदविले आहे, म्हणजे साडेसहाशे वर्षांहून अधिक काळ तो शब्द जिवंत आहे. हे कवी मन्साला त्याच्या पूर्वजांची सत्कृत्ये ऐकवून तशीच करावयास सांगत. त्यांचे काम केवळ मनोरंजनाचे नव्हते. शिवाय वर्गात बहुधा वापरली जाणारी कथा नियान यांनी १९६० साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केलेली, गिनीतील एका जेलीच्या कथनावर आधारलेली आहे. ती अनेकांपैकी एक आवृत्ती होय. दोन आवृत्त्या समोर ठेवून काय समान आणि काय भिन्न हे शोधावयास लावले, तर कथाकथनाची ही कृती साधनचिकित्सेचा पहिला पाठ ठरेल.

यावर कोणी म्हणेल की बारा वर्षांच्या मुलाला साधनचिकित्सा झेपणार नाही. परंतु वर सुचविलेल्या कृतींना कागद, पेन्सिल आणि त्रैराशिक एवढेच लागते. हा प्रश्न आपणासही परका नाही. हाच इब्न बतूता १३४२ साली दिल्ली सोडून निघाला, तो वाटेत दौलताबादेस येऊन गेला, आणि तेथील मराठ्यांविषयी त्याने लिहिले. आपल्या प्रदेशासाठी ज्या साक्षीदाराची आपण चिकित्सा करतो, त्याची मालीसाठीही करावयास हवी. पाठ-टाचण तयार करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रत्येक कृतीसमोर तिचा आधार कोणता, हे एका ओळीत लिहून पाहावे. जेथे ती ओळ कोरी राहील, तेथे कृती बदलावी अथवा सोडून द्यावी.