तुरुंगातला कोंबडा

डिस्नेच्या १९७३ सालच्या 'रॉबिन हूड'मध्ये रॉबिन कोल्हा आहे, लिटल जॉन अस्वल आणि गोष्ट सांगणारा अ‍ॅलन-अ-डेल चक्क कोंबडा. गोष्ट मध्ययुगीन इंग्लंडची, पण या कोंबड्याचा आवाज अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा. तो आहे रॉजर मिलरचा. १९६५ साली 'किंग ऑफ द रोड' गाजवणाऱ्या या कंट्री गायकाने सिनेमासाठी तीन गाणी लिहिली आणि स्वतःच गायली.

कागदावर हे विजोड वाटतं. मला मात्र या सिनेमात सगळ्यात खरा वाटतो तो हाच आवाज.

सिनेमा तसा सैलसर आहे. प्रसंग सुटे सुटे येतात. एका नाचात तर जुन्या डिस्नेपटांतल्या हालचालीच पुन्हा गिरवल्या आहेत. मिलरचं 'ऊ-डी-लॅली' खेळकर आहे, 'व्हिसल स्टॉप'मध्ये तर शब्दच नाहीत, नुसती शीळ आणि गुणगुणणं. मग येतं 'नॉट इन नॉटिंगहॅम'. कर भरता न आलेले गरीब तुरुंगात, बाहेर पाऊस, आणि आपला निवेदकही त्यांच्यातच, पायात बेडी घालून बसलेला. इतका वेळ गोष्टीच्या बाहेर उभा असलेला माणूस आता आत अडकलाय.

या गाण्यात राजाला शिव्या नाहीत. ते काम जॉनी मर्सरने लिहिलेलं 'द फोनी किंग ऑफ इंग्लंड' आधीच करून जातं. इथे रॉबिनचं नावही नाही, 'सगळं ठीक होईल' असा दिलासाही नाही. दुसरीकडे दिवस पालटतात, इथे पालटत नाहीत, एवढंच. आणि मिलर ते रडून सांगत नाही. रोजची गोष्ट सांगावी तसा गातो. म्हणून ते जास्त लागतं.

मिलर एक वर्षाचा असताना त्याचे वडील गेले. आईला तीन मुलं पोसणं झेपेना, तेव्हा ती तीन काकांकडे वाटली गेली. मिलर ओक्लाहोमातल्या एरिक गावी कापसाच्या शेतात वाढला. हे माहीत नसलं तरी गाणं पोचतं, पण त्याच्या आवाजातला तो थंडपणा कुठून आला असेल, याचा थोडा अंदाज येतो.

गंमत म्हणजे इंटरनेटवर पसरलं ते 'व्हिसल स्टॉप'. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गाजलेल्या 'हॅमस्टर डान्स'ची ती चिरकी धून म्हणजे हेच गाणं, वेग वाढवलेलं. आज रील्सवर जे चालतं, ते तेव्हाही चालायचं.

'नॉट इन नॉटिंगहॅम'चा वेग वाढवून बघा. काहीच उरणार नाही. ते आहे त्या चालीतच ऐकावं लागतं. मुलांच्या सिनेमाने गरिबीला एवढा वेळ द्यावा, हे मला आजही धाडसाचं वाटतं. पुढे रॉबिन सगळ्यांना सोडवतो, आणि ती सुटका मोठी वाटते ती या गाण्यामुळेच.