मराठी दूरचित्रवाणी मालिकांतील चाळिशीपलीकडील स्त्री : भूमिकेचे बळ आणि मर्यादा

गोषवारा :

मराठी दूरचित्रवाणी मालिकांमध्ये चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीला दीर्घकाळ सासू, आई किंवा आजी या नात्यांतच स्थान मिळाले. २०१९ मध्ये ‘अग्गंबाई सासूबाई’ आणि ‘आई कुठे काय करते!’ या दोन मालिकांनी अशा स्त्रीला कथानकाच्या केंद्रस्थानी आणले. तथापि केंद्रस्थानी असणे म्हणजे भूमिका सशक्त असणे नव्हे. निर्णय, काम आणि इच्छा या तीन निकषांच्या आधारे निवडक मालिकांतील व्यक्तिरेखांचे बळ व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : दूरचित्रवाणी, मराठी मालिका, स्त्रीप्रतिमा, मध्यमवय, प्रौढ नायिका.

प्रस्तावना :

दूरचित्रवाणी हे घरात शिरलेले माध्यम आहे. मराठी कुटुंबातील संध्याकाळचे वेळापत्रक गेली दोन दशके मालिकांच्या वेळांशी बांधले गेले आहे. या मालिकांचा मोठा प्रेक्षकवर्ग स्त्रियांचा आणि त्यातही संसाराची वीस-पंचवीस वर्षे पार केलेल्या स्त्रियांचा आहे, हे सर्वमान्य आहे. असे असूनही या वयाच्या स्त्रीची स्वतःची गोष्ट पडद्यावर क्वचितच येते. ती असते, परंतु दुसऱ्याच्या गोष्टीतील पात्र म्हणून. तरुण नायिकेच्या वाटेतील अडसर, तिची आश्रयदाती किंवा देवघरातून आशीर्वाद देणारी वडीलधारी, एवढेच तिचे काम ठरून जाते.

अभिनेत्रीच्या दृष्टीने हा प्रश्न उपजीविकेचा आणि कलेचा आहे. वयाबरोबर नटाची समज वाढते, परंतु अभिनेत्रीच्या वाट्याला येणारी भूमिका आकसत जाते. नीना गुप्ता यांच्यासारख्या ज्येष्ठ अभिनेत्रीला २०१७ मध्ये समाजमाध्यमावर जाहीरपणे काम मागावे लागले. पुढच्याच वर्षी ‘बधाई हो’ या चित्रपटातील भूमिकेने त्यांची कारकीर्द नव्याने उभी राहिली. गुणवत्तेची उणीव नव्हती, उणीव होती ती लिहिल्या गेलेल्या भूमिकांची, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. प्रेक्षक स्त्रीच्या दृष्टीने हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. आपल्या वयाच्या बाईच्या आयुष्यात अजून काही घडू शकते का, याचे उत्तर ती नकळत पडद्यावर शोधत असते.

वयाचा विपर्यास :

भारतीय दूरचित्रवाणीने प्रौढ स्त्रीची भूमिका पुष्कळदा प्रौढ अभिनेत्रीला न देता तरुण अभिनेत्रीच्या केसांना पांढरा रंग लावून भागवली. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ (२०००–२००८) या हिंदी मालिकेत कथानक काही वर्षे पुढे सरकवण्याची युक्ती वारंवार वापरली गेली आणि १९७६ साली जन्मलेल्या स्मृती इराणी तिशीच्या आसपासच आजी झाल्या. त्याच इराणी २०२५ मध्ये या मालिकेच्या नव्या पर्वात तुलसी म्हणून परतल्या, तेव्हा त्यांचे वय प्रथमच भूमिकेच्या वयाच्या जवळपास पोहोचले होते.

चित्रपटातही असेच घडत आले आहे. रोहिणी हट्टंगडी यांचा जन्म १९५१ चा. ‘गांधी’ (१९८२) चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी त्यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला आणि लगेच ‘सारांश’ (१९८४) मध्ये त्या वृद्ध मातेच्या भूमिकेत दिसल्या. तेव्हा त्यांचे वय जेमतेम तेहतीस होते. त्या भूमिका त्यांनी समर्थपणे पेलल्या, याविषयी दुमत नाही. परंतु तरुण अभिनेत्री म्हातारी होऊ शकते आणि प्रौढ अभिनेत्री मात्र नायिका होऊ शकत नाही, हा व्यवहार एकतर्फी आहे. तो वयाविषयीचा आहे तितकाच बाजाराविषयीचाही आहे.

सत्ताधारी सासू : बळाचे पहिले रूप

मराठी मालिकांच्या आरंभीच्या काळात नोकरी-व्यवसाय करणारी नायिका ठळकपणे आली. दूरदर्शनवरील ‘दामिनी’ (१९९७) या दैनंदिन मालिकेची नायिका पत्रकार होती. अल्फा मराठीवरील ‘आभाळमाया’ (१९९९–२००३) मधील सुधा जोशी ही सुकन्या कुलकर्णी यांनी साकारलेली व्यक्तिरेखा नवऱ्याच्या दुसऱ्या संबंधाला तोंड देत स्वतःच्या पायांवर उभी राहते. म्हणजे पुढे वीस वर्षांनी ज्या विषयाला ‘नवा’ म्हटले गेले, त्याची बीजे मराठी मालिकेत आधीच पडलेली होती. हिंदीत नीना गुप्ता यांनीही ‘साँस’ (१९९८) मध्ये हाच विषय दिग्दर्शिका आणि प्रमुख अभिनेत्री या दोन्ही नात्यांनी हाताळला होता.

मात्र त्यानंतर दैनंदिन कौटुंबिक मालिकेचा साचा घट्ट झाला. ईटीव्ही मराठीवरील ‘चार दिवस सासूचे’ (२००१–२०१३) ही या साच्याची प्रातिनिधिक मालिका होय. तीन हजारांहून अधिक भाग चाललेल्या या मालिकेत रोहिणी हट्टंगडी यांनी आशा देशमुख ही सासू साकारली. मालिका सुरू झाली तेव्हा त्या पन्नाशीत होत्या. घराची सूत्रे हाती असलेली, मानी, करारी अशी ही स्त्री आहे. तिच्या शब्दाला घरात वजन आहे. परंतु तिची सत्ता उंबरठ्याच्या आतली आहे आणि ती प्रामुख्याने दुसऱ्या स्त्रीवर, म्हणजे सुनेवर चालते. ‘पुढचं पाऊल’ (२०११–२०१७) मधील हर्षदा खानविलकर यांच्या अक्कासाहेब याच परंपरेतल्या. जरतारी साडी, ठसठशीत दागिने, भेदक नजर या बाह्य खुणांनी या व्यक्तिरेखा लोकप्रिय झाल्या. अभिनेत्रीला त्यात वाव भरपूर मिळाला, परंतु व्यक्तिरेखेला मन किती मिळाले, हा प्रश्न उरतोच. सत्ता गाजवणारी स्त्री काय मिळवू पाहते, याचे उत्तर या मालिका ‘घराण्याची प्रतिष्ठा’ या दोन शब्दांपलीकडे देत नाहीत.

या पार्श्वभूमीवर ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३–२०१६) मधील भागीरथी गोखले ऊर्फ आईआजी ही व्यक्तिरेखा वेगळी ठरते. हीही हट्टंगडी यांनीच साकारली. मालिकेची नायिका जान्हवी असली, तरी आईआजीच्या पाठीशी तिने स्वतः उभा केलेला गृहउद्योग आहे. तिचा अधिकार केवळ नात्यातून आलेला नाही, कष्टांतून आलेला आहे. त्यामुळे तिच्या बोलण्यात दरारा असूनही आक्रस्ताळेपणा नाही. दुय्यम भूमिका असूनही ती अनेक नायिकांहून सशक्त वाटते, याचे कारण या कामाच्या पायात आहे.

आसावरी आणि अरुंधती : केंद्रस्थानी आलेली स्त्री

२०१९ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे मानावे लागते. जुलैमध्ये झी मराठीवर ‘अग्गंबाई सासूबाई’ आणि डिसेंबरमध्ये स्टार प्रवाहवर ‘आई कुठे काय करते!’ सुरू झाली. पहिल्या मालिकेत निवेदिता सराफ यांची आसावरी ही विधवा, सासऱ्यांच्या धाकात आणि मुलाच्या लाडात आयुष्य घालवलेली गृहिणी आहे. अभिजित राजे (गिरीश ओक) या बल्लवाचार्याच्या सहवासात तिला स्वतःच्या इच्छेची जाणीव होते. प्रौढ विधवेच्या पुनर्विवाहाचा विषय मालिकेने हलक्याफुलक्या रीतीने घराघरात नेला, हे तिचे निर्विवाद श्रेय आहे. महाराष्ट्रात या विषयाला एकोणिसाव्या शतकातील सुधारणावादी चळवळीचा वारसा आहे. मात्र त्या चर्चेत मुख्यतः बालविधवा होत्या. मुलाचे लग्न झालेल्या स्त्रीला सोबत हवीशी वाटणे, ही गोष्ट मराठी घरात उघडपणे बोलली जात नव्हती.

तथापि आसावरीचा निर्णय तिच्यासाठी बव्हंशी तिची सून शुभ्रा घेते. शुभ्रा बोलते, भांडते, लग्न जुळवते आणि आसावरी लाजते, घाबरते, मागे सरते. सराफ यांनी हे बुजरेपण कुठेही हास्यास्पद होऊ न देता सांभाळले आहे. पण इच्छा आहे आणि निर्णय नाही, अशी ही अर्धी वाट राहते. २०२१ मध्ये आलेल्या ‘अग्गंबाई सूनबाई’ या पुढील भागात आसावरी उद्योगाची धुरा सांभाळताना दिसली. काम करणारी, अधिकार असणारी प्रौढ नायिका खऱ्या अर्थाने इथे सुरू होत होती, परंतु ती मालिका त्याच वर्षी आटोपली.

‘आई कुठे काय करते!’ ही मालिका ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवर आधारलेली होती. याच कथेवरून हिंदीत २०२० साली रूपाली गांगुली यांची ‘अनुपमा’ आली. शीर्षकातच घराघरांतला बोचरा प्रश्न आहे. दिवसभर राबणाऱ्या बाईच्या श्रमांना श्रम न मानणारी दृष्टी त्यातून नेमकी पकडली जाते. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचा विश्वासघात उघड झाल्यावर घटस्फोट घेते, गाण्याकडे वळते, कमावू लागते आणि पुढे आशुतोषशी विवाह करते. निर्णय, काम आणि इच्छा हे तिन्ही निकष इथे एकत्र येतात. म्हणूनच या व्यक्तिरेखेने प्रेक्षक स्त्रीला केवळ रडवले नाही, विचारही करायला लावला. प्रभुलकर यांचा संयत अभिनय आणि घरगुती, ओघवते संवाद यांचा त्यात मोठा वाटा आहे.

पण ही मालिका जवळपास पाच वर्षे, नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली आणि लांबीनेच तिला मागे खेचले. अरुंधती जितक्या वेळा ‘समृद्धी’ बंगल्यातून बाहेर पडते, तितक्या वेळा कुणाचे तरी आजारपण, कुणाचे तरी मोडते लग्न तिला परत आणते. आशुतोषच्या मृत्यूनंतर कथानक पुन्हा देशमुखांच्या घराभोवतीच फिरू लागते. स्त्रीने मिळवलेले स्वातंत्र्य दैनंदिन मालिकेला परवडत नाही, कारण ती सुखी झाली की उद्याचा भाग संपतो. मार्च २०२४ मध्ये मालिकेची वेळ सायंकाळी साडेसातवरून दुपारी अडीचवर नेण्यात आली, हेही बोलके आहे. नोकरी करणारी प्रौढ स्त्री दुपारी अडीच वाजता घरी नसते.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रेक्षकांना तरुण नायिकाच हवी असते, वाहिन्या केवळ मागणीप्रमाणे पुरवठा करतात, असे म्हटले जाते. ‘आई कुठे काय करते!’ने मराठीत आणि ‘अनुपमा’ने हिंदीत प्रेक्षकसंख्येच्या क्रमवारीत दीर्घकाळ अग्रस्थान राखले, या वस्तुस्थितीपुढे हा आक्षेप टिकत नाही. प्रेक्षक तयार होता. निर्मात्यांनी त्या यशातून मात्र एवढाच बोध घेतला की, सोसणारी आई चालते.

चौकटीबाहेर राहिलेली स्त्री :

या भूमिकांची आणखी एक मर्यादा वर्गाची आहे. मालिकेतील प्रौढ स्त्री जवळजवळ नेहमीच सधन किंवा मध्यमवर्गीय, बंगल्यात राहणारी असते. वसई-विरार परिसराचे उदाहरण घेतल्यास ही उणीव स्पष्ट दिसते. चर्चगेटहून सुटणारी खास महिलांची उपनगरी गाडी १९९२ मध्ये बोरिवलीपर्यंत सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत नेण्यात आली. म्हणजे तीन दशकांपूर्वीच या भागातील नोकरदार स्त्रियांची संख्या रेल्वेला दखल घ्यावी लागेल एवढी होती. त्या काळी विशीत असलेल्या स्त्रिया आज पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. अर्नाळा, नायगाव, पाचूबंदर येथील मासळी विकणाऱ्या कोळी स्त्रिया, वसईच्या वाड्यांतील भाजी आणि फुले मुंबईच्या बाजारात नेणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी चाळिशीनंतर ‘स्वतःच्या पायांवर उभे राहणे’ हा कथानकाचा कळस नसतो, ती रोजची पहाट असते. वसई तालुक्यातील नायगाव परिसरात अनेक हिंदी मालिकांचे चित्रीकरण होते. कॅमेरा इतका जवळ येऊनही ही स्त्री चौकटीत येत नाही. तिचे अर्थार्जन, तिची भांडणे, तिची बोली, तिचा विनोद यांत कितीतरी सशक्त भूमिका दडलेल्या आहेत.

परदेशी दूरचित्रवाणीशी तुलना केल्यास फरक लक्षात येतो. अमेरिकेतील ‘डॅमेजेस’ (२००७–२०१२) मध्ये ग्लेन क्लोज यांची वकील किंवा ब्रिटनमधील ‘हॅपी व्हॅली’ (आरंभ २०१४) मध्ये सारा लँकेशायर यांची पोलीस सार्जंट या स्त्रियांची ओळख कामातून होते आणि कौटुंबिक जखमा त्या कामात मिसळलेल्या असतात. या मालिका मर्यादित भागांच्या आहेत. त्यांना शेवट आहे, म्हणून व्यक्तिरेखेला परिणती आहे. भारतातही ‘दिल्ली क्राइम’ (२०१९) मधील शेफाली शाह आणि ‘आर्या’ (२०२०) मधील सुश्मिता सेन यांच्या भूमिका अशाच मर्यादित भागांच्या रचनेतून घडल्या.

निष्कर्ष :

१) चाळिशीपलीकडील स्त्रीला केंद्रस्थानी ठेवणारी मालिका मराठी प्रेक्षक स्वीकारतो, हे २०१९ नंतर सिद्ध झाले आहे.

२) भूमिकेची लांबी किंवा तिचा दरारा हे सशक्ततेचे पुरेसे गमक नाही. निर्णय, काम आणि इच्छा एकत्र आल्यावरच व्यक्तिरेखा सशक्त होते. आशा देशमुख यांच्याजवळ सत्ता आहे, आसावरीजवळ इच्छा आहे, आईआजीजवळ काम आहे. अरुंधतीत हे तिन्ही काही काळ एकत्र आले.

३) अंत नसलेल्या दैनंदिन मालिकेची रचना स्त्रीने घेतलेला निर्णय टिकू देत नाही. ठरावीक भागांच्या मराठी मालिका निघाल्या, तर अशा भूमिकांना न्याय मिळू शकेल.

४) श्रमजीवी आणि नोकरदार प्रौढ स्त्री अद्याप मराठी मालिकेच्या बाहेरच आहे.

समारोप :

रोहिणी हट्टंगडी, निवेदिता सराफ, मधुराणी प्रभुलकर यांनी मिळालेल्या चौकटीत जे उभे केले, ते मराठी अभिनयाचे संचित आहे. लेखकांनी आणि वाहिन्यांनी आता या अभिनेत्रींसाठी चौकट रुंद करायला हवी. अरुंधती घराबाहेर पडली तेव्हा असंख्य स्त्रियांनी समाधानाचा श्वास सोडला होता. तिला प्रत्येक वेळी परत का यावे लागते, याचे उत्तर मराठी मालिकेने या प्रेक्षक स्त्रियांना देणे बाकी आहे.