तळघरांतील सरडा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत एका तालुक्याच्या गांवीं चाललेल्या व्याख्यानमालेंत श्रोते म्हणून बसण्याचा योग आम्हांस आला. विषय 'क्रोधावर विजय' असा होता. वक्ते बहुश्रुत, आवाज खणखणीत, आणि पाठीमागच्या पडद्यावर एक सुबक रंगीत आकृति. तींत मनुष्याचा मेंदू तीन मजली वाड्यासारखा काढलेला होता. तळघरांत हिरवा सरडा, मधल्या मजल्यावर तांबडें मांजर, आणि माडीवर चष्मा लावून वाचीत बसलेला एक गृहस्थ. राग आला म्हणजे तळघरांतील सरडा जिना चढून वर येतो आणि त्या गृहस्थाला खोलीबाहेर काढून स्वतः त्याच्या खुर्चीवर बसतो, असें वक्त्यांनीं सांगितलें. श्रोत्यांनीं हंसून टाळ्या वाजविल्या. आम्हींही वाजविल्या, रूपक मोठें गोड होतें.

पुढें महिन्याभरानें आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलाला घेऊन घरीं भेटीस आला. तोही त्या व्याख्यानास होता. परीक्षेचा निकाल पाहून त्याच्या हातून मुलाला फार मार बसला होता व त्याचें शल्य त्याच्या मनांत होतें. परंतु तें सांगतां सांगतां तो म्हणाला, "सर, त्या क्षणीं तो मी नव्हतोंच. तो माझा सरड्याचा मेंदू होता." आठ वर्षांचा तो मुलगा दाराशीं उभा राहून हें ऐकत होता. आम्हांस आमच्या टाळ्या आठवल्या, आणि हें रूपक आलें कोठून व कितपत खरें आहे याचा छडा लावणें भाग पडलें. आम्ही साहित्याचे अध्यापक, शरीरशास्त्राचे नव्हे. तथापि रूपकांची पारख करणें हा आमचा धंदाच असल्यामुळें हा अधिकार आम्हीं आपल्याकडे घेतला आहे.

या वाड्याचे शिल्पकार पॉल मॅक्लीन (१९१३–२००७) हे अमेरिकन वैद्य व संशोधक होत. 'लिंबिक सिस्टिम' ही संज्ञा त्यांनींच १९५२ सालीं रूढ केली. पुढील दशकांत त्रिविध मेंदूची कल्पना मांडली. आणि १९९० सालीं 'दि ट्रायून ब्रेन इन एव्होल्यूशन' हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: मेंदूच्या गाभ्याशीं सरपटणाऱ्या प्राण्यांकडून आलेला भाग, नित्यक्रम, हद्द राखणें, दरारा दाखविणें हीं त्याचीं कामें. त्याभोवतीं आद्य सस्तन प्राण्यांचा भाग, तो भावनांचा. आणि सर्वांवर उत्तरकालीन सस्तनांची साल, ती बुद्धीची. हें मत विद्वानांच्या कपाटांतून काढून घरोघर नेलें तें कार्ल सेगन यांनीं. त्यांचें 'दि ड्रॅगन्स ऑफ ईडन' १९७७ सालीं निघालें आणि पुढच्याच वर्षीं त्यास पुलित्झर पारितोषिक मिळालें. सेगन यांच्या लेखणीचा वेग असा कीं, वाचकाला शंका विचारण्यास उसंत मिळत नाहीं. तेथून ही आकृति पाठ्यपुस्तकांत, व्यापारी शिबिरांत आणि शेवटीं आमच्या व्याख्यानमालेंत उतरली. वाटेंत तिचा अर्थही बदलला. मॅक्लीन यांनीं क्रोधाला मधल्या मजल्यावर जागा दिली होती. आमच्या वक्त्यांनीं त्याची रवानगी थेट तळघरांत केली. ज्याचा आधार घ्यावयाचा तें पुस्तक तरी पुरतें वाचावें, एवढी अपेक्षा वक्त्यांकडून करण्यास हरकत नसावी.

ग्रंथ वाचून झाल्यावर मूळ वस्तु डोळ्यांनीं पाहावी असें वाटलें. प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या एका सहकाऱ्यांनीं खाटिकाकडून बोकडाचा मेंदू अखंड काढवून आणला. (ज्या घरीं भेजा तव्यावर जातो तेथील वाचकांस तो आमच्याहून अधिक परिचयाचा असेल.) वजन जेमतेम शंभर-सव्वाशें ग्रॅम, मनुष्याचा तेराशें ते चौदाशें ग्रॅम भरतो. वरून पाहतां अक्रोडाच्या गरासारखे वळ्यावळ्यांचे दोन अर्धगोल. हा मोठा मेंदू. त्याच्या सालीला कॉर्टेक्स म्हणतात. मनुष्यांतही ती दोन ते चार मिलिमीटरांहून जाड नसते, परंतु तेवढ्यांत पेशींचे सहा थर बसविलेले असतात, आणि ही सहा थरांची रचना सस्तन प्राण्यांचें खास लक्षण होय. पुढें, खालच्या अंगाला, वासाचे दोन गोळे. बोकडांत ते मनुष्यापेक्षां प्रमाणानें किती तरी मोठे. मागें लहान मेंदू, चिरा पडलेल्या कांद्यासारखा. त्याखालून देठ निघतो, त्याचें टोंक म्हणजे लंबमज्जा. श्वास व हृदयाची गति यांचें नियमन तेथें चालतें, आणि ती पुढें पृष्ठरज्जूला मिळते. लहान मेंदू हळूच मागें सारला तों देठाच्या पाठीवर चार लहान उंचवटे दिसले. वरचे दोन नजरेला हालत्या वस्तूकडे वळवितात. खालचे दोन कानाकडून येणाऱ्या वाटेवरचें ठाणें आहेत.

मग सहकाऱ्यांनीं मेंदू मधोमध उभा चिरला. दोन अर्धगोलांना जोडणारा पांढऱ्या तंतूंचा पट्टा दिसला. मनुष्यांत त्यांत सुमारें वीस कोटि तंतू असतात, आणि कांगारूसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांत हा पट्टा मुळींच नसतो. त्याखालीं थॅलॅमस. वास सोडून बाकी सर्व इंद्रियांच्या वार्ता सालीकडे जातांना या चौकीवरून जातात. त्याच्याही खालीं हायपोथॅलॅमस. मनुष्यांत त्याचें वजन चार ग्रॅमांच्या आसपास, पण भूक, तहान, अंगाची ऊब आणि ग्रंथींचे स्राव एवढा कारभार त्याच्याकडे. सहकारी सुरी चालवीत होते आणि आम्ही मजले शोधीत होतों. मजला एकही सांपडला नाहीं. जिकडे पाहावें तिकडे पांढरे तंतू: वरून खालीं, खालून वर, आडवे, तिरपे. एका भागाला दुसऱ्यापासून निराळा करावयाचा तर सुरीनें तोडावाच लागे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. सरडा आमचा पूर्वज नव्हे. सस्तनांची शाखा आणि आजचे सरडे, साप, मगरी, पक्षी यांची शाखा सुमारें ३२ कोटि वर्षांपूर्वीं एका समान पूर्वजापासून फुटल्या. नात्यानें तो आपला दूरचा चुलत भाऊ. आणि चुलत भाऊ आपल्या घराच्या पायांत पुरलेला असूं शकत नाहीं. शिवाय, मॅक्लीन यांनीं ज्या भागाला सरड्याचा म्हटलें तो, म्हणजे अर्धगोलांच्या पोटांतील गाठी, केवळ सरपटणाऱ्यांनीं निर्माण केलेला नाहीं. लॅम्प्रे नांवाच्या जबडा नसलेल्या, अतिप्राचीन वंशाच्या जलचरांतही तो आहे. आणि त्याचें काम हिंसेचें नव्हे. अनेक संभाव्य हालचालींतून एकीला वाट देणें व बाकीच्या थोपविणें, संवय अंगवळणीं पाडणें, हें त्याचें काम. कंपवाताच्या रोग्याला पाऊल उचलणें कठीण होतें तें याच यंत्रांत बिघाड झाल्यामुळें. उलट, ज्याला मधला मजला म्हणतात त्याचे भाग सरड्यांतही सांपडतात. आणि ज्या सालीला माडी म्हणतात तिचें मूळ कांसवाच्या तीन थरी सालींत दिसतें. उत्क्रांतीनें जुन्या घरावर नवे मजले चढविले नाहींत; तेंच घर तिनें सर्व खोल्यांसह निरनिराळ्या मापांनीं वाढविलें. एका लेखाचें शीर्षकच असें आहे कीं, तुमचा मेंदू म्हणजे पोटांत इवला सरडा असलेला कांदा नव्हे. सिझॅरिओ, जॉन्सन व आइस्थेन यांचा हा लेख २०२० सालचा आहे. लहान मेंदूला आम्हीं वर कांद्याची उपमा दिली ती केवळ रूपापुरती, हें येथेंच सांगून टाकतों.

हा भ्रम एकट्या मॅक्लीन यांचा नव्हता. जर्मन शारीरविद् लुडविग एडिंगर (१८५५–१९१८) यांनीं पक्ष्यांचा मेंदू जवळजवळ सगळा पोटांतील गाठींचाच बनला आहे असें मानून त्याच्या भागांस तशीं नांवें दिलीं, आणि शंभर वर्षें पक्षी म्हणजे उपजत प्रवृत्तीचें यंत्र ठरलें. न्यू कॅलिडोनियाचा कावळा काटकीचा आंकडा करून पोखरांतील अळी काढतो हें दिसल्यावर तीं नांवें टिकणें कठीणच होतें. २००२ सालीं ड्यूक विद्यापीठांत तज्ज्ञ जमले आणि २००४ सालीं पक्ष्यांच्या मेंदूची नवी नामावलि प्रसिद्ध झाली. शास्त्रज्ञ आपली चूक नांवासह खोडतात ही गोष्ट आम्हां साहित्यिकांस हेवा वाटण्यासारखी आहे.

तीन मजल्यांच्या आकृतींत एक भाग तर आढळतच नाहीं: लहान मेंदू. मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८६ अब्ज चेतापेशी आहेत, आणि त्यांपैकीं सुमारें ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूंत. मोठ्या मेंदूच्या सालीला सुमारें १६ अब्ज येतात. आफ्रिकन हत्तीच्या मेंदूंत २५७ अब्ज मोजण्यांत आल्या, त्यांतल्या शंभरीं सुमारें अठ्ठ्याण्णव लहान मेंदूंत. तोल व हालचालीची लय हीं त्याचीं कामें. विचार व भाषा यांतही त्याचा हात असतो. बहुसंख्य रहिवाशांना नकाशांतून वगळून शहराचें वर्णन करावें, तसा हा प्रकार झाला.

येथें एक आक्षेप उचित आहे. जर्मन संशोधक गॉल्ट्झ यांनीं १८९२ सालीं अशा कुत्र्याचें वर्णन प्रसिद्ध केलें कीं, मोठ्या मेंदूची साल काढून टाकल्यावरही तो दीड वर्ष जगला, चालला, आणि पिंजऱ्यांतून बाहेर काढतांना गुरगुरून चावूं लागला. मग राग खालचा, हें सिद्ध नव्हे काय? पुढें कॅनन व बार्ड यांनीं मांजरांवर असेच प्रयोग केले, आणि १९२८ सालीं बार्ड यांनीं या रागाचें सूत्र हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागापर्यंत नेलें. परंतु कॅनन यांनींच त्याला लटका राग म्हटलें होतें. क्षुल्लक स्पर्शानें तो उसळे, त्याला शत्रूही नव्हता व हेतूही नव्हता. म्हणजे दांत विचकण्याची तयारी खालीं आहे. कोणावर, कशासाठीं आणि किती वेळ, हें ठरण्यास सगळा मेंदू लागतो. आमच्या विद्यार्थ्याचा राग असा लटका नव्हता. गुण वाचणें, शेजारच्या मुलाशीं तुलना करणें, नातेवाइकांत होणारी नामुष्की आणि दहा वर्षांनंतरची नोकरी डोळ्यांपुढें आणणें, एवढा सारा उद्योग त्या रागामागें होता. सरड्याला प्रगतिपुस्तक वाचतां येत नाहीं. हें आम्हीं त्याला त्याच दिवशीं, मुलाच्या देखत, सांगितलें. त्याला तें आवडलें नाहीं.

मधल्या मजल्याविषयीं एवढेंच, कीं तेथें केवळ भावना राहत नाहींत. १९५३ सालीं हेन्री मोलायसन या अमेरिकन तरुणाच्या फेंफऱ्यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बव्हंशीं काढण्यांत आला. तेव्हांपासून २००८ सालीं मृत्यु येईपर्यंत नव्या घटना त्याच्या स्मरणांत राहिल्या नाहींत. हिप्पोकॅम्पस हा लिंबिक भागाचा मानकरी. स्मृति ही मात्र आम्ही बुद्धीकडे मोजतों.

वाचक म्हणतील, रूपक तें रूपक, त्याला एवढें काय झोडपावयाचें? कठोपनिषदांतही रथ आहे; बुद्धि सारथि, मन लगाम, इंद्रियें घोडे. प्लेटोच्या 'फीड्रस'मध्यें दोन घोड्यांचा रथ आहे. परंतु त्या रथांचे घोडे कवटींत शोधण्यास कोणी गेलें नाहीं, आणि कठोपनिषदाच्या रथांत घोडे उधळले तर दोष सारथ्याकडे जातो. मॅक्लीन यांचा प्रमाद हा कीं, जुन्या नीतिकथेला त्यांनीं शारीराचा पोशाख चढविला. त्यामुळें ती आतां सूक्ष्मदर्शकाच्या अधिकारवाणीनें बोलते, आणि तिच्यांतील सारथि मात्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत जाऊन उभा राहतो.

एवढें बोलल्यावर न्यायासाठीं दुसरी बाजूही मांडावयास हवी. मॅक्लीन हे सामान्य लेखक नव्हेत. प्राण्यांच्या भावनांचें नांव काढणें हेंच जेव्हां अशास्त्रीय समजत, त्या काळांत त्यांनीं त्या भावनांचा मेंदूंत शोध घेतला. आईनें पिलाला पाजणें, पिलांचें खेळणें, आणि ताटातूट होतांच पिलानें फोडलेला टाहो, हीं तीन लक्षणें त्यांनीं सस्तन वंशाच्या मुळाशीं पाहिलीं. १९८१ सालीं त्यांनीं व सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, जन्मतःच नवी साल काढलेलीं हॅम्स्टरचीं पिलें वाढतात, खेळतात आणि पुढें आपलीं पिलें सांभाळतात. मात्र अर्धगोलांच्या आंतल्या कडेचा जुना पट्टाही गेला तर खेळ थांबतो व मातृत्व बिघडतें. मगरीची मादीही घरटें राखते व पिलांना जबड्यांत धरून पाण्यापर्यंत नेते, तेव्हां वात्सल्याचा मक्ता एकट्या सस्तनांकडे देतां येत नाहीं. पण प्रयोगाचें मोल त्यामुळें कमी होत नाहीं. ग्रंथालयांत हा ग्रंथ मिळाल्यास खेळ आणि टाहो यांवरील भाग प्रथम वाचावा. सरड्यांवरील प्रकरणेंही सोडूं नयेत. ते मान कशी डोलावतात, उन्हाला केव्हां येतात, हद्दीवर कसे तणाणतात, हें मॅक्लीन यांनीं मोठ्या आस्थेनें टिपलें आहे. आणि सरड्यांचें वर्णन म्हणून तें सुरेख आहे.