पएसी आणि पायासी : परलोकाचा एक वाद, दोन निकाल

श्वेतांबर आगमांतील 'रायपसेणिय' हे दुसरे उपांग आणि दीघनिकायातील तेविसावे 'पायासिसुत्त' यांचे नाते अभ्यासकांस नवे नाही. एर्न्स्ट लॉयमान यांनी ते १८८५ साली दाखविले आणि विलेम बोले यांनी २००२ साली पएसीच्या कथेस स्वतंत्र ग्रंथ वाहिला. तथापि आमच्या वाचकवर्गात जैन ग्रंथातील देवलोकास भाकडकथा म्हणून बाजूस सारण्याची आणि त्याच तोंडाने पायासिसुत्तास बुद्धिवादाचा नमुना ठरविण्याची प्रथा दिसते. ही प्रथा आम्हांस न्याय्य वाटत नाही.

दोन्हीकडे स्थळ सेतव्या नगरी (प्राकृतात सेयविया). दोन्हीकडे परलोक न मानणारा राजा, आणि दोन्हीकडे त्याचा प्रतिवादी श्रमण : तिकडे पार्श्वपरंपरेतील केशी, इकडे कुमारकस्सप. राजाचे प्रश्नही जवळजवळ तेच. नरकात गेलेले आप्त सांगावयास का येत नाहीत? स्वर्गात गेलेले का परतत नाहीत? स्वर्गस्थ का येत नाहीत याचे एक कारणही समान आहे : देवांस मनुष्यलोकाची दुर्गंधी सहन होत नाही. पालीत ती शंभर योजने पोहोचते, प्राकृतात चारशे-पाचशे. अतिशयोक्तीत जैन लेखक पुढे आहे, इतकेच.

खरा रस राजाच्या प्रयोगांत आहे. जिवंत चोरास भांड्यात कोंडून तोंड बंद केले, जीव बाहेर पडताना दिसला नाही. वजन केले : पएसीस मरणापूर्वी व मरणानंतर फरक आढळला नाही, पायासीस प्रेत जड वाटले. चोराचे तुकडे करूनही जीव सापडला नाही. केशी उत्तर देतो की बंद शाळेतील नगाऱ्याचा आवाज भिंत न फोडता बाहेर येतो. वाऱ्याने भरलेली व रिकामी पिशवी सारखीच भरते. कस्सप तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दाखला देतो, तो थंड गोळ्याहून हलका असतो म्हणे. आज शाळकरी मुलगाही सांगेल की हवेस वजन असते आणि लोखंड तापून हलके होत नाही. लाकडातील अग्नी लाकूड फोडून सापडत नाही, हा दृष्टान्त मात्र दोघांचाही आहे आणि तोच त्यांतील सर्वांत सरस. प्रयोगासाठी मारलेल्या चोरांबद्दल यांपैकी एकाही उत्तरात अवाक्षर नाही, हे आम्हांस खटकते.

बौद्ध वाचकास याहून अवघड जागा दुसरी आहे. जीव शरीराहून भिन्न आहे हेच केशीस सिद्ध करावयाचे आहे. त्याच्या दर्शनात जीव हे द्रव्य आहे, म्हणून त्याची उत्तरे त्याच्या सिद्धान्ताशी सुसंगत आहेत. कस्सपाची तशी नाहीत. झोपेत स्वप्न पाहणाऱ्या राजाचा जीव जाता-येताना दासींना दिसत नाही, असे तो म्हणतो. जीव व शरीर एक की भिन्न, हा प्रश्न तथागतांनी अव्याकृत ठेवला होता. मग या उपमेतील जीव कोठून आला? प्रतिपक्षाच्या भाषेत बोलण्याचे हे उपायकौशल्य आहे, असे समर्थन करता येईल. आमच्या मते, सामायिक कथेचा सांगाडा उचलताना तो शब्द आत राहिला, हे अधिक संभवनीय आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात आत्मा नाकारून पुनर्जन्माचा अर्थ चार महाभूतांच्या आधारे लावला. त्या मार्गाने जाणाऱ्याने हे सुत्त डोळे उघडे ठेवून वाचावे.

शेवट मात्र दोघांचे भिन्न. उपासक झालेल्या पएसीस राणी सूर्यकान्ता विष देते. तो तिच्याविषयी द्वेष न धरता मरतो आणि सौधर्म कल्पात सूर्याभ देव होतो. वस्तुतः ग्रंथाचा आरंभच या देवाच्या वैभवाने होतो : विमानाची तोरणे, स्तंभ, महावीरांपुढे सादर केलेले बत्तीस नाट्यप्रकार. ही वर्णने कंटाळवाणी आहेत, हे जैन मित्रांची क्षमा मागून म्हणावे लागते. परंतु विष पचविणाऱ्या राजाचा तो प्रसंग पालीतील कथेपेक्षा वरचढ आहे, हेही तितकेच स्पष्ट म्हटले पाहिजे. शिवाय हे देवपद अंतिम नाही. चार पल्योपमांनंतर सूर्याभास महाविदेहात मनुष्य व्हावेच लागते, कारण देवास मोक्ष नाही. स्वर्गास इतके दुय्यम स्थान देणाऱ्या ग्रंथास स्वर्गलोलुप कसे म्हणावे?

पायासीचे दान अनादराचे. कण्या, आंबट पेज, जाडेभरडे वस्त्र, तेही परहस्ते. ज्याच्या हातून ते दिले गेले तो उत्तर नावाचा तरुण तावतिंस देवांत जातो, आणि दात्याच्या वाट्यास चातुमहाराजिकांतील रिकामे सेरिस्सक विमान येते. येथे पाली लेखकाने एकही तोरण वर्णिले नाही. 'रिकामे' या एका विशेषणात त्याने सर्व सांगितले. पुढे विमानवत्थूत हाच पायासी वाळवंटात वाट चुकलेल्या व्यापाऱ्यांस मार्ग दाखविताना भेटतो. त्याला त्या ओसाड विमानात एकटा सोडणे उत्तरकालीन संग्राहकांस बहुधा जड गेले असावे.