भाकितापलीकडील जनमत : व. मं. सिरसीकर यांच्या निवडणूक-अभ्यासाविषयी

जनमत चाचणीचा इतिहास सांगताना जॉर्ज गॅलप यांच्या १९३६ मधील यशाचा उल्लेख हमखास होतो. 'लिटररी डायजेस्ट' या नियतकालिकाकडे सुमारे २३ लाख मतपत्रिका परत येऊनही त्याचा अंदाज चुकला. गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान, पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून रूझवेल्ट यांचा विजय वर्तविला. भारतात एरिक डा कोस्टा यांनी दिल्लीच्या 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन'द्वारे ही वाट रुळवली. महाराष्ट्रात सर्वेक्षणाधारित निवडणूक-अभ्यासाच्या अग्रणींमध्ये पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक व. मं. सिरसीकर यांचे नाव घ्यावे लागते. त्यांची वाट मात्र निराळी होती.

१९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीचा पुण्यातील त्यांचा अभ्यास 'पोलिटिकल बिहेविअर इन इंडिया' या नावाने १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. निकालानंतर तीन वर्षांनी 'कोण जिंकणार' या प्रश्नाला अर्थ उरत नाही. 'मत का दिले' हा प्रश्न मात्र उरतो. १९७३ मधील 'सॉव्हरिन्स विदाउट क्राउन्स' या ग्रंथाने तर शीर्षकातच मतदाराला मुकुटाविना सार्वभौम ठरविले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५० हून अधिक जागा दिल्या. प्रत्यक्षात २९३ मिळाल्या. त्या चर्चेत हा सार्वभौम मतदार कुठे होता?

तथापि सिरसीकरांच्या पद्धतीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. अमेरिकेतून आलेला वर्तनवाद मतदाराला सुटी व्यक्ती मानतो. अंधेरी परिसरात आमच्या विद्यार्थ्यांनी प्रश्नावली भरून घेतली तेव्हा प्रश्न सुनेला असे आणि उत्तर सासरे देत. (तेही अगदी आपुलकीने, चहा पाजून!) अशा उत्तराची नोंद कोणाच्या नावे करावयाची, हे प्रश्नावली सांगत नाही.

अंधेरी ज्यात मोडते त्या मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात २०२४ मध्ये रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी विजयी झाले. एवढा फरक कोणत्याही नमुना-चाचणीच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्यामागची कारणे मात्र तशी नाहीत. ती शोधायची तर सिरसीकरांप्रमाणे निकालानंतर, सवडीने मतदाराकडे परत जावे लागेल, आणि सुनेला एकटीला गाठावे लागेल. आमच्या विद्यार्थिनींना ती दुपारी, नळाचे पाणी भरून झाल्यावर भेटत असे.