अस्सल डिस्कची अल्पायुषी गोष्ट

व्हिडिओ गेमच्या डिस्कवर मृत्युलेख लिहिण्याची सध्या जगभर साथ आहे. त्या लेखांतला शोक बहुधा संग्राहकाचा असतो. भिंतभर शेल्फ, त्यावर ओळीने लावलेल्या डब्या आणि आता त्या ओळीत नवी भर पडणार नाही, ही हळहळ. कांदिवलीत बसून हे वाचताना ते दुःख आपलं वाटत नाही. चारकोपच्या म्हाडाच्या खोल्यांत काय किंवा महावीर नगरच्या वन बीएचकेत काय, अशी शेल्फं लागलीच नाहीत. इथे गेम घरात यायचा तो संपवून पुढे सरकवण्यासाठी. त्यामुळे डिजिटल विक्रीने आपलं काय नेलं, याचा हिशेब आपल्याला स्वतंत्र मांडावा लागतो.

या हिशेबाची सुरुवात थोडी अवघड जागी होते. आपल्याकडची सीडी-कॅसेटची सुवर्णयुगं बरीचशी नकली मालावर उभी होती. नव्वदच्या दशकात ज्याला सगळे ‘टीव्ही गेम’ म्हणत, ती जपानी फॅमिकॉमची स्वस्त नक्कल असायची. एका कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याचा दावा असे आणि प्रत्यक्षात ‘कॉन्ट्रा’ आणि ‘मारिओ’च फिरून फिरून येत. मग असेंबल केलेला पीसी आला. स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर रॅम घ्यायला जायचं आणि येताना मार्करने नाव लिहिलेल्या दोनचार सीडी आणायच्या, हा पश्चिम उपनगरांतल्या एका पिढीचा रिवाज. ‘व्हाइस सिटी’, ‘आयजीआय’, ‘मोस्ट वाँटेड’ याच वाटेने घरोघर पोचले. कायदेशीर काही हवं असेल तर ‘डिजिट’सारख्या मासिकासोबतच्या सीडीवरचे डेमो होते. एक सीडी एका सोसायटीत शिरली की विंगमागून विंग फिरे, आणि ती मूळ कोणाची हे आठवड्यात कोणाला सांगता येत नसे.

अस्सल डिस्क आपल्याकडे खऱ्या अर्थाने रुजली ती नक्कल करणं अवघड झाल्यावर. प्लेस्टेशन २ चिप बसवून सर्रास नकली डिस्कवर चाले. प्लेस्टेशन ३ च्या ब्लू-रे डिस्कने ती वाट बराच काळ रोखून धरली आणि प्लेस्टेशन ४ वर ती जवळपास बंदच झाली. तेव्हा कुठे मध्यमवर्गीय घरांत हजारो रुपयांची सीलबंद डबी येऊ लागली, आणि आल्याबरोबर तिचा सेकंडहँड बाजार उभा राहिला. दुकानात जुनी डिस्क द्यायची, वर काहीशे रुपये टाकायचे आणि दुसरी न्यायची. किंवा ओएलएक्सवर जाहिरात टाकून रेल्वे स्टेशनच्या पुलावर व्यवहार उरकायचा. ‘स्क्रॅच नाही ना?’ एवढी एकच चौकशी. अस्सल डिस्कचा हा काळ मोजून एका दशकाचा. पाश्चात्त्य लेखक तीन-चार दशकांच्या सवयीला निरोप देत आहेत. आपल्या हातातून मात्र जेमतेम मिळालेली गोष्ट निसटते आहे.

निसटण्याचा वेगही कमी नाही. सोनीच्या प्लेस्टेशनवर विकल्या जाणाऱ्या पूर्ण गेमपैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास आता डाउनलोडने जातात. २०२३ मध्ये ‘अ‍ॅलन वेक २’ हा गाजलेला गेम डिस्कशिवायच बाजारात आला. डिस्क निघाली ती वर्षभराने. २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये डिस्क ड्राइव्ह नाही, तो वेगळा विकत घ्यावा लागतो. २०२५ च्या निन्टेंडो स्विच २ साठी अनेक गेम अशा कार्डावर येतात ज्यात गेम नसतोच, फक्त तो डाउनलोड करण्याची किल्ली असते.

भारतात या बदलाची किंमत सरळ छापील स्वरूपात समोर आली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ इथे आलं तेव्हा डिस्कवालं मॉडेल ४९,९९० रुपयांना आणि बिनडिस्कचं ३९,९९० रुपयांना होतं. दहा हजार वाचले म्हणून अनेकांनी दुसरं घ्यायचं ठरवलं. आता हिशेब करा. सोनीचा मोठा नवा गेम ४,९९९ रुपयांचा. समजा, डिस्क घेतली, पंधरा दिवसांत गेम संपवला आणि साडेतीन हजारांना विकली. असे तीन व्यवहार झाले की दहा हजारांचा फरक फिटला आणि चौथ्यापासून निव्वळ फायदा. बिनडिस्कच्या यंत्राने त्या दहा हजारांत ग्राहकाकडून पुढच्या अनेक वर्षांचा सेकंडहँड बाजार विकत घेतला. शिवाय गेमचं एकच दुकान उरलं आणि तिथे घासाघीस चालत नाही.

डिजिटलची बाजू लंगडी आहे, असं मात्र नाही. पीसी गेमचं ‘स्टीम’ हे ऑनलाइन दुकान २००३ पासून आहे. पण २०१५ च्या अखेरीस त्यावर रुपयांत किमती दिसू लागल्या, पुढच्याच वर्षी जिओने डेटा स्वस्त केला आणि पीसीवर नकली गेम खेळणाऱ्या कितीतरी जणांनी आयुष्यातला पहिला अस्सल गेम सेलमध्ये घेतला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये जगभर पोचला तो याच वाटेने. डिस्क छापा, वितरक गाठा, दुकानात जागा मिळवा, हे छोट्या स्टुडिओच्या कुवतीबाहेरचं होतं. शिवाय डिस्कभक्तांनी हेही मान्य करायला हवं की आजची डिस्क पूर्वीची राहिलेली नाही. ती टाकल्यावर पहिल्यांदा येतो तो कित्येक जीबींचा अपडेट. काही वेळा तिच्यावरचा गेम अपुराच असतो.

मग प्रश्न हक्काचा उरतो. २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सीडीवर विकलं जाणारं तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे. खटला विक्रीकराचा होता, पण सामान्य ग्राहकाची समजूतही तीच होती: पैसे दिले, वस्तू माझी. डाउनलोडमध्ये मिळतो तो वापरण्याचा परवाना. कांदिवलीत भाड्याने राहणाऱ्याला हे नातं समजावून सांगायला नको. हे लीव्ह अँड लायसन्स आहे. फक्त इथे मुदत कागदावर नसते, आणि निघताना अनामत परत मिळत नाही. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून डिजिटल दुकानांना ही गोष्ट खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगणं बंधनकारक केलं आहे.

समीक्षकाला यात दिसणारा धोका आणखी वेगळा आहे. हातात आलेली कलाकृती नंतर बदलता येऊ लागली आहे. २०१४ मध्ये ‘जीटीए सॅन अँड्रियाज’च्या स्टीम आवृत्तीतून रेडिओवरची काही गाणी परवाना संपला म्हणून काढली गेली, आधी विकत घेतलेल्यांच्याही प्रतीतून. २०२१ मध्ये ‘नीड फॉर स्पीड’चे ‘कार्बन’सह पाच जुने भाग डिजिटल दुकानांतून एकदम उतरवले. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच संपला, डिस्क असलेल्यांसाठीसुद्धा. आपल्याकडे तर पबजी मोबाइल २०२० मध्ये सरकारी आदेशाने गेला; त्याच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये दुकानांतून गायब होऊन मे २०२३ मध्ये परतला. सिनेमावर बंदी आली तरी त्याची रीळं कुठेतरी असतात. इथे बंदी म्हणजे सर्व्हर बंद, आणि सर्व्हर बंद म्हणजे कलाकृतीच नाही.

याच्या उलट उदाहरण ‘क्रिकेट ०७’. ईए स्पोर्ट्सचा २००६ च्या अखेरीस आलेला हा शेवटचा क्रिकेट गेम कुठल्याही डिजिटल दुकानात मिळत नाही. परवान्याअभावी त्यात भारतीय संघाला खरी नावं नव्हती. ती चाहत्यांनी घातली. पुढे आयपीएल आली तशा तिच्या जर्सी, मैदानं, नवे खेळाडूही त्यांनीच बसवले. कंपनीने सोडून दिलेला गेम भारतीय उपखंडाने हातोहाती देत जिवंत ठेवला. त्यातला बराच व्यवहार बेकायदा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो झाला नसता तर आज त्या गेमबद्दल बोलायला गेमच उरला नसता.

हे सगळं परदेशी मालाचं झालं. आपल्या मालाचं काय? ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा प्लेस्टेशन २ वरचा भारतीय गेम २००९ चा, मुंबईच्या ट्राइनचे ‘स्ट्रीट क्रिकेट चँपियन्स’ आणि ‘रा.वन’ त्यानंतरचे. कला म्हणून हे गेम सुमार होते. ‘हनुमान’ त्या काळच्या मापानेही ओबडधोबड होता. पण इतिहासाला सुमार गोष्टीही लागतात. आपण मूकपटांच्या बाबतीत हे एकदा भोगलं आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चीसुद्धा पूर्ण प्रत उरलेली नाही, आणि पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं ते १९६४ साली, बहुतेक मूकपट नष्ट झाल्यावर. पुस्तकांच्या प्रती १९५४ च्या कायद्याने ग्रंथालयांत जमा होतात, त्यांपैकी एक मुंबईतच आहे. गेमसाठी अशी कुठलीही जागा नाही. अमेरिकेतही २०२३ च्या एका पाहणीत ८७ टक्के जुने गेम बाजारात उपलब्ध नसल्याचं आढळलं. आपल्याकडे अशी मोजणी करायला आधी यादी तरी हवी.

तेव्हा मागणी डिस्कची करण्यात फारसा अर्थ नाही. ती छापण्याचं अर्थकारण कोणी उलटं फिरवणार नाही. मागण्या तीन असाव्यात. विकत घेतलेला डिजिटल गेम दुसऱ्याच्या खात्यावर देता यावा किंवा विकता यावा. सर्व्हर बंद करताना गेम इंटरनेटशिवाय चालेल अशी शेवटची आवृत्ती द्यावी. आणि भारतात बनलेल्या प्रत्येक गेमची एक प्रत सरकारी संग्रहात जमा व्हावी. कंपन्यांना यातलं काहीच मान्य नसेल, तर त्यांनी निदान दर तरी खरा लावावा. ४,९९९ रुपये ही मालकीची किंमत आहे. हक्क भाडेकरूचेच द्यायचे असतील, तर आकारही भाड्याचाच हवा.